लाल टोपण

आमच्या घरात इन्शुलिन आलं ते २०२४ च्या दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. आत्याची शुगर गोळ्यांना जुमानेना. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. उपाशीपोटी २६०, जेवणानंतर ३८०, आणि पायाच्या अंगठ्याची जखम दीड महिना झाला तरी भरत नव्हती. बीडच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं : सकाळी १६, संध्याकाळी १०, जेवणाआधी अर्धा तास.

आत्यांनी तिथंच मान हलवली. सुईला त्या घाबरत नाहीत. बाभळीचा काटा स्वतःच्या टाचेतून स्वतः काढणारी बाई आहे ती. त्यांची शंका वेगळी होती. गावात कुणीतरी सांगितलं होतं, हे औषध जनावराच्या पोटातून काढतात. आम्ही वीरशैव. कपिलधारच्या मन्मथ स्वामींची समाधी घरापासून चालत पाऊण तासावर, गळ्यात इष्टलिंग, घरात परमरहस्याचं पारायण. अंड्याचं टरफल ज्या घरात आलं नाही, तिथं हे कसं चालायचं?

सांगणाऱ्याचं अगदीच खोटं नव्हतं, फक्त जुनं होतं. १९२१ साली टोरंटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून इन्शुलिन वेगळं काढलं. १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या पोराला ते पहिल्यांदा टोचलं, तेव्हा ते बैलांच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं. पुढं कित्येक वर्षं गाई-डुकरांच्या स्वादुपिंडावरच सगळ्या जगाचं भागलं. १९८२ नंतर माणसाच्या शरीरातल्यासारखंच इन्शुलिन जंतूंकडून तयार करून घेणं सुरू झालं आणि आज बाजारात मिळतं ते बहुतेक तसलंच. हे मी डॉक्टरांना विचारून घेतलं आणि आत्यांना सांगितलं, "दही लागतं ना विरजणानं, तसं हे जंतूंकडून करून घेतात." शास्त्राच्या दृष्टीनं उपमा थोडी लंगडी आहे, पण दह्याला आत्यांची हरकत नव्हती. त्यांनी समाधीच्या दिशेला हात जोडले आणि म्हणाल्या, "टोच मग."

दवाखान्यातल्या सिस्टरनं मला एकदाच, घाईत, पण नीट दाखवलं. तिनं संत्र्यावर सुई टोचायला लावली, हवा कशी भरायची ते शिकवलं. माझं सगळं लक्ष सुईच्या टोकाकडं होतं. तिच्या हातातल्या सिरिंजचं टोपण कोणत्या रंगाचं आहे याकडं बघायचं असतं, हे मला कुठं माहीत! चिठ्ठीवर बाटलीचं नाव होतं आणि खाली नुसतं 'इन्शुलिन सिरिंज'. मेडिकलवाल्यानं हाताशी होती ती दहाची पुडी दिली. केशरी टोपणाची.

पहिले आठ दिवस मी मोठ्या अभिमानात होते. सकाळी साडेसातला, संध्याकाळी साडेसातला. आत्या 'पॉइंट' म्हणत. "सोळा पॉइंट घेतलेस का गं?" मी सिरिंज उजेडाकडं धरून दाखवायची. त्यांना अक्षर येत नाही, पण रेघा मोजता येतात.

शुगर मात्र हलेना. दहा दिवसांनी गेलो तर उपाशीपोटी २४५. डॉक्टरांनी सकाळचे २० केले, संध्याकाळचे १२. पुन्हा दहा दिवसांनी २१०. मग २४ आणि १४. खाण्यावर संशय आला. तो माझाही होता, कारण सीताफळाचे दिवस होते. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय हे खरं, पण म्हणून एका बैठकीला तीन खायची नसतात. आत्या शपथेवर सांगत, अर्धंच खाल्लं. मी बिया मोजायची. घरात त्या महिन्यात जेवढी भांडणं झाली ती सगळी सीताफळावरून झाली, आणि आज मला त्याची लाज वाटते.

दुसरी एक खूण डोळ्यांसमोर होती. बाटली संपत नव्हती. दहा मिलीची बाटली, तिच्यावर छापलेलं '४० आययू प्रति मिली', म्हणजे आत ४०० युनिट. दिवसाला २६ लागत असतील तर पंधरा दिवसांत रिकामी व्हायला पाहिजे. आमची महिनाभर पुरली. हे खूश. "चांगली पुरवून वापरतेस," असं मला म्हणाले. संसारात पुरवठ्याला आल्याचं कौतुक होतं. मलाही ते गोड वाटलं आणि पाढे येत असून मी भागाकार केला नाही.

१४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी बाटली संपली, केशरी सिरिंजही दोनच उरल्या. (एकेक सिरिंज आम्ही तीन-चार दिवस वापरत होतो. एक सुई एकदाच वापरावी असं पुडीवर लिहिलेलं असतं आणि तेच बरोबर आहे. आमच्यासारख्यांचं पाकीट वेगळं बोलतं. निदान एकाची सुई दुसऱ्याला कधीच लावायची नाही, एवढं तरी आम्ही पाळलं.) हे बीडला गेलेले होते. नेहमीच्या दुकानात सिरिंज नव्हत्या म्हणून दुसऱ्या दुकानातून नवी बाटली आणि नवी पुडी घेऊन आले. तो दिवस जागतिक मधुमेह दिन होता, बँटिंगचा जन्मदिवस. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी आमच्याकडं कुणाला वेळ नव्हता, कारण दुसऱ्या दिवशी कार्तिक पौर्णिमा.

कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला काय होतं ते ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून कळत नाही. लातूर, नांदेड, परभणी, पार कर्नाटक आणि तेलंगणातून दिंड्या चालत येतात. मांजरसुंब्याहून आत वळणारा रस्ता भगव्या पताकांनी भरून जातो. त्या वर्षी भरीला विधानसभेची निवडणूक, त्यामुळं भजनाच्या भोंग्यावर प्रचाराचा भोंगा. आमच्या अंगणात अहमदपूरकडची एक दिंडी चहाला थांबते. पहाटे चारपासून चूल पेटलेली होती.

साडेसातला मी नवी पुडी फोडली. टोपण लाल होतं. मला वाटलं, कंपनी वेगळी असेल. चोवीसची रेघ शोधली, ती या वेळी बरीच वरच्या अंगाला होती. तेही जाणवलं. पण दारात पंचवीस माणसं चहाची वाट बघत होती. चोवीस भरले, टोचले.

आत्या म्हणाल्या, "दर्शन झाल्याबिगर मी तोंडात काही घेणार नाही." दरवर्षीचं आहे. मी म्हणाले, लवकर येऊ. दिंडीबरोबर चालत निघालो. दर्शनाची रांग कुठवर गेली होती ते सांगत नाही.

साडेनऊच्या सुमाराला आत्या गप्प झाल्या. आत्या रांगेत गप्प राहणं म्हणजेच काहीतरी बिघडलंय. मग त्या माझ्यावर उगाच चिडल्या. "मला कशाला आणलंस हितं?" असं म्हणाल्या, आणि दरवर्षी आणायचा हट्ट त्यांचाच असतो. कपाळावर घाम. नोव्हेंबरची सकाळ, दरीतलं गार वारं, आणि लुगड्याची पाठ ओली. "मला कसंतरी व्हायलंय," म्हणाल्या. हात धरला तर बर्फासारखा आणि थरथरता. बाजूच्या बायका म्हणाल्या, उपवासानं चक्कर आली, कांदा हुंगवा. एक म्हणाली, अंगात येतंय. मीही आधी दमल्यात असंच समजले. पाच मिनिटं तिथं गेली. मग त्यांनी मला माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारली आणि माझ्या पोटात गोळा आला.

रांगेबाहेर चहाची टपरी होती. मी पोऱ्याच्या हातातला साखरेचा डबाच ओढला. अर्धा पेला पाण्यात तीन मोठे चमचे. चमचे भरताना माझाच हात हलत होता. आत्या शुद्धीवर होत्या, घोट गिळत होत्या, म्हणून पाजलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, ते श्वासनळीत जातं. तिथं १०८ ला फोन करायचा. हे मला सिस्टरनं सांगितलेलं आठवत होतं, हे नशीब. तिथून यात्रेतल्या आरोग्य पथकाच्या मांडवात नेलं. बोटातून थेंब काढला : ४६. सत्तरच्या खाली म्हणजे शुगर लो. पुन्हा साखरपाणी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, ७३. मग दिंडीतल्या कुणीतरी शिदोरीतली भाकरी आणि पिठलं दिलं आणि आत्यांनी दर्शनाआधी, आयुष्यात पहिल्यांदा, यात्रेच्या दिवशी जेवण केलं.

मांडवातली सिस्टर वयानं लहान होती, पण प्रश्न नेमके विचारत होती. किती टोचलं? कधी? त्यावर काय खाल्लं? आणि मग, "टोपण लाल की केशरी?"

मी म्हणाले, आज लाल, आधी केशरी. तिनं लिहिणं थांबवलं.

तिनं मला घरी पाठवलं नाही, आत्यांना बीडला पाठवलं. सकाळचं ते इन्शुलिन दोन जातींचं मिश्रण असतं. थोडा भाग लगेच काम करतो आणि उरलेला दुपारभर, संध्याकाळपर्यंत. साखर एकदा वर आली म्हणून सुटलो असं होत नाही. दुपारी पुन्हा खाली जाऊ शकते. खरंच गेली. अडीच वाजता दवाखान्यात ६४. तिथं सलाईन होतं, माणसं होती. घरी असतो तर आम्ही त्या वेळी पाहुण्यांच्या पंगती वाढत असतो.

रात्री घरी आल्यावर ओट्यावर दोन्ही सिरिंज शेजारी ठेवल्या. जाडी सारखी, लांबी सारखी, दोन्ही एक मिलीच्या. लाल टोपणाच्या सिरिंजवर शेवटचा आकडा ४०. केशरीवर शेवटचा आकडा १००. एवढंच. लाल सिरिंज ४० ताकदीच्या बाटलीसाठी आणि केशरी १०० ताकदीच्या औषधासाठी. आमच्या बाटलीचं औषध केशरीत सोळाच्या रेघेपर्यंत भरलं की आत्यांच्या पोटात जात होतं साडेसहा युनिटसुद्धा नाही. चोवीसच्या रेघेला साडेनऊच्या आसपास. डॉक्टर डोस वाढवत होते तो माझ्या न दिलेल्या औषधावर. आणि ज्या दिवशी बरोबर सिरिंज आली, त्या दिवशी चोवीस म्हणजे खरोखर चोवीस झाले. अडीच पट, एका सकाळीत, उपाशीपोटी, चालत.

मी ओट्यापाशी बराच वेळ उभी होते. हे म्हणाले, दुकानदाराला जाऊन विचारतो. विचारलंही असेल. पण दुकानदारानं बाटली आणि सिरिंज एकत्र बघितली नाही, डॉक्टरांनी सिरिंज मागितली नाही आणि मी दाखवली नाही. तिघांत सगळ्यात जास्त वेळ ती माझ्याच हातात होती. सीताफळावरून मी त्या बाईला केवढं बोलले होते!

डोस मग पार खाली आणला आणि शुगर आठवड्यागणिक बघत हळूहळू ठरवला. आता आमचं कसं चालतं ते सांगते.

दुकानातच बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा शेवटचा आकडा जुळवायचा. नाही जुळला तर परत. नणंदेच्या सासऱ्यांकडं पेन आहे. पेनातलं औषध १०० ताकदीचं असतं, ते लाल सिरिंजनं ओढून कधीच टोचायचं नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांचं पेन बिघडलं तेव्हा ते तसंच करायला निघाले होते. फोनवर मी इतकी ओरडले की नंतर माफी मागावी लागली.

हात साबणानं धुवायचे. आमचं औषध गढूळ आहे, तळाला पांढरा साका बसतो. फुलवात वळतो तशी बाटली दोन्ही तळहातांत दहा वेळा हळू फिरवायची, मग दहा वेळा उलटी-सुलटी करायची, दुधासारखा एकजीव रंग येईपर्यंत. ताक घुसळल्यासारखी हलवायची नाही, फेस होतो आणि माप चुकतं. गुठळ्या दिसल्या, काचेला कण चिकटलेले दिसले तर बाटली बाद. माझी एक बाटली अशीच गेली. फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवली होती, गोठली. गोठलेलं पुन्हा पातळ झालं तरी उपयोगाचं नसतं.

जेवढे युनिट, तेवढी हवा आधी सिरिंजमध्ये ओढून बाटलीत सोडायची, मग बाटली उलटी धरून औषध घ्यायचं. बुडबुडा आला की टिचकी मारून वर आणायचा आणि परत बाटलीत ढकलायचा. बुडबुड्याला मी पहिल्यांदा फार भ्यायची. सिनेमात हवेचं इंजेक्शन देऊन माणूस मारतात ना. सिस्टर हसली. कातडीखाली तेवढ्या हवेनं कुणी मरत नाही, पण हवा औषधाची जागा खाते आणि डोस कमी पडतो.

टोचायचं पोटावर, बेंबीपासून तीन-चार बोटं सोडून. कातडी चिमटीत हलकी उचलायची, सुई घालायची, दट्ट्या सावकाश दाबायचा, दहा मोजायचे, सुई काढायची, चोळायचं नाही. आत्यांना पूर्वी एकच जागा आवडायची, डाव्या अंगाला, "तिथं दुखत नाही" म्हणून. दुखत नव्हतं कारण तिथं गाठ धरली होती. बोटं फिरवली की मळलेल्या कणकेत कोरडं पीठ राहिल्यासारखं लागायचं. अशा गाठीत औषध कधी जिरतं, कधी जिरत नाही. आता पोटाचे चार भाग केलेत, आठवड्याला एक भाग, आणि रोजची जागा कालच्यापासून बोटभर लांब. भिंतीवरच्या कालनिर्णयात मी उ, डा, वर, खाली असं लिहिते. दुधाच्या हिशेबाला जागा राहत नाही, अशी यांची तक्रार असते.

आणि सुईआधी भाकरी बघायची. पीठ परातीत पडलं, कालवण चुलीवर चढलं, की मगच टोचायचं. अर्ध्या तासात ताट समोर येतं. सोमवारचा उपास असला तर डॉक्टरांनी ठरवून दिलंय तसंच. यात्रेच्या दिवशी आधी जेवण, मग दर्शन. यावर आत्या दोन दिवस रुसल्या. शेवटी मठातल्या एका स्वामींना विचारून आल्या. ते म्हणाले, देह हेच लिंगाचं घर, घर उपाशी ठेवू नका. माझं ऐकलं नसतं, त्यांचं ऐकलं. त्यांच्या पदराच्या गाठीला आता खडीसाखरेची पुडी असते.

वापरलेल्या सुया फिनेलच्या जाड रिकाम्या बाटलीत जातात, भरली की झाकण घट्ट लावून दवाखान्यात. उकिरड्यावर नाही. तिथं लेकरं अनवाणी खेळतात.

उन्हाळ्याचं मात्र अवघड आहे. आमच्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं जातो आणि वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. न फोडलेली बाटली फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत. फोडलेली बाटली साधारण महिनाभर चालते, पण गार जागी. मी फोडल्याची तारीख पट्टी लावून लिहिते. लाइट गेली की ती बाटली झाकणाच्या डबीत घालून माठाशेजारच्या मडक्यात. ही युक्ती मी शिकले ती शेजारच्या ऊसतोड्या भावजींकडून. त्यांनाही शुगर आहे. दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्यावर जातात, पाच-सहा महिने उसाच्या पाचटाची कोपी, तिथं फ्रीज कुठला? मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवायचं, मधल्या फटीत वाळू, वाळूवर दिवसातून दोनदा पाणी, तोंडावर ओलं फडकं, आणि सावली. पाणी आटतं तसं आतलं गार पडतं. फ्रीजइतकं नाही, पण बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ कमी. भावजी म्हणाले, पहिल्या वर्षी त्यांनी बाटली खिशात ठेवून ऊस तोडला होता. दुपारी तिला हात लावला तर अंगापेक्षा गरम.

त्यांचं आणखी एक दुखणं आहे. मुकादम पहाटे तीनला गाडी भरायला उठवतो. तेव्हा टोचायचं कधी आणि भाकरी खायची कधी? मी डॉक्टरांना विचारून त्यांच्या वहीत वेळा लिहून दिल्या. पाळतात का, ते येतील तेव्हा कळेल.

त्या दोन सिरिंज, एक लाल, एक केशरी, सुया काढून मी डब्यात ठेवल्या होत्या. मध्यंतरी आशाताई आल्या. मी दोन्ही शेजारी ठेवून दाखवल्या, साधं पाणी भरून दोन्हीकडं वीसची रेघ दाखवली, मग ते दोन वेगळ्या पेल्यांत सोडलं. पेल्यातला फरक बघून त्यांनी दोन्ही सिरिंज पिशवीत घातल्या, "बायकांच्या मीटिंगला दाखवते आणि आणून देते" म्हणाल्या. चार महिने झाले. आत्या आठवड्यातून एकदा विचारतात, "आशाताईनं आपल्या सुया दिल्या का गं?" लग्नात गेलेलं पातेलं मागावं तसं.